जुबेलला कोण राहिलं, बडोद्याला कोण परतलं

मंडळी, बडोद्याच्या मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की दांडिया बजार, सुरसागर, संगीत शाळा आणि महाराजांचा काळ यांच्याभोवतीच गाडी फिरत राहते. त्यात वाईट काही नाही. पण आपल्याच घरांतल्या काही माणसांनी पंधरा-वीस, काहींनी तर तीस वर्षं सौदीतल्या जुबेलला, यांबूला, कुवेतच्या अहमदीला, अबूधाबीच्या रुवैसला काढली, त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. त्यांनी स्वतःही लिहिलं नाही. मी त्यांच्यापैकी नव्हे. बी.कॉम. होऊन १९७२ साली बँकेत लागलो आणि निवृत्त होईपर्यंत बराच काळ परदेशी खात्यांच्या टेबलावर होतो. त्या टेबलावर माणसाच्या मनातलं कळत नसे, पण पैसे कधी यायला लागले, कधी वाढले आणि कधी थांबले, हे तारखेनिशी कळत असे. त्यावरून जे दिसलं ते लिहितो. नावं लिहीत नाही. खातेदाराची गोष्ट निवृत्तीनंतरही चारचौघांत करायची नसते.

आधी बडोद्याचीच माणसं एवढी तिकडे का गेली, ते सांगतो. कोयलीची रिफायनरी १९६५ ला सुरू झाली, खताचा कारखाना जीएसएफसी १९६७ ला उत्पादनात आला, आयपीसीएल १९६९ ला स्थापन झाली. दहा वर्षांत आपल्या गल्ल्यांतून बॉयलर अटेंडंट, पॅनेल ऑपरेटर, इन्स्ट्रुमेंट फिटर, वेल्डिंग इन्स्पेक्टर तयार झाले. तिकडे १९७३ नंतर तेलाचे भाव चौपट झाले. सौदीने १९७५ मध्ये जुबेल आणि यांबू ही दोन औद्योगिक शहरं उभारायला रॉयल कमिशन नेमलं आणि १९७६ ला साबिक ही कंपनी काढली. त्यांना वाळवंटात कारखाने उभे करायचे होते आणि चालवायला शिकलेले हात हवे होते. ते हात आपल्याकडे शिफ्टमध्ये काम करत होते. मुंबईला इंटरव्ह्यू, मेडिकल, आणि दोन महिन्यांत माणूस विमानात.

जाण्याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात मी वेळ घालवत नाही. बहिणीचं लग्न, वाड्याच्या वाटण्या, हप्त्याचं घर. प्रत्येकजण जाताना एकच वाक्य बोलायचा, "दोन वर्षांचं काँट्रॅक्ट आहे, फार तर चार." मला कुतूहल होतं ते पुढचं. चार वर्षं म्हणणारा बावीस वर्षं का राहतो, आणि दुसरा, तितकाच हुशार, तितकाच पगार घेणारा, तीन वर्षांत सामान बांधून का येतो?

लोक म्हणतात, पैशाचा लोभ. मला ते कधी पटलं नाही. पण पैशाचा एक भाग आहे जो फार कमी लोक लक्षात घेतात, तो रुपयाचा. १९८६ पासून सौदी रियाल डॉलरला ३.७५ असा बांधलेला आहे. म्हणजे डॉलर जसा रुपयात महाग होईल तसा रियालही. १९८६ मध्ये डॉलर साडेबारा रुपयांच्या आसपास, म्हणजे रियाल जेमतेम साडेतीन रुपयांच्या आत. घरी ३,००० रियाल पाठवणाऱ्याच्या खात्यात दहा हजार जमा होत. १९९१ च्या जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं, १९९३ पर्यंत डॉलर ३१ च्या घरात गेला, आणि त्याच ३,००० रियालचे पंचवीस हजार झाले. साहेबाने एक रियाल वाढवला नव्हता. २०२२ ला डॉलरने ८० ओलांडले तेव्हा तीच रक्कम ६४ हजार. आता सांगा, तिथे पगारवाढ न देणाऱ्या कंपनीवर माणूस कितीही चिडला तरी इकडच्या पासबुकात दरवर्षी वाढच दिसत होती. इकडची महागाईही त्याच रुपयात वाढत होती, हा हिशेब तो घर घ्यायला सुट्टीवर आला की मगच कळायचा. मग म्हणायचा, "अजून दोन वर्षं काढतो."

जुन्या लोकांना आठवत असेल, एकेकाळी आखातात आपलाच रुपया चालायचा. कुवेतने १९६१ ला दिनार काढला, बहरीनने १९६५ ला. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. जून १९६६ मध्ये डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपये झाला तेव्हा बाकीच्या शेखांनीही रुपया सोडला. तो सोडला नसता तर बडोद्याहून कुणी जुबेलला गेलं असतं का, हा प्रश्न मी टेबलावर बसून गमतीने स्वतःलाच विचारत असे.

दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. सौदीच्या २००५ च्या कामगार कायद्यात नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेचा हिशेब असा : पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा. पण आपण होऊन राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काही नाही, दोन ते पाचमध्ये एक तृतीयांश, पाच ते दहामध्ये दोन तृतीयांश, आणि दहा पुरी झाली की सगळी. ६,००० रियाल पगाराच्या माणसाने नऊ वर्षं अकरा महिने भरल्यावर राजीनामा दिला तर त्याची रक्कम होते ४४,५००, आणि हातात येतात त्यातले सुमारे २९,६६७. आणखी एक महिना थांबला तर पूर्ण ४५,०००. एका महिन्याचे पंधरा हजार रियाल! त्यामुळे तिथली माणसं पाचव्या आणि दहाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर काहीही सोसून घेत. सुपरवायझरचा अपमान, एका खोलीत चौघं, उन्हाळ्यातला शटडाऊन. बायकोला फोनवर सांगत, "दहा पुरी होऊ देत." आणि दहा पुरी झाली की लक्षात येई की आता दरवर्षी पूर्ण महिन्याचा पगार जमा होतो आहे, मग आत्ताच का सोडा? कायदा करणाऱ्यांनी मुद्दाम तसं केलं की नाही, देव जाणे, पण पायऱ्या अशा होत्या की माणूस प्रत्येक पायरीवर थोडा बसायचा.

पण हे सगळं मोजूनही हिशेब पुरा होत नसे. कारण ग्रॅच्युइटीची पायरी मध्येच सोडून येणारेही होते, आणि मी जेवढे पाहिले त्यांच्यात कारण बहुतेक घरातलं होतं.

एक नेहमीचं म्हणजे बारावी. जुबेल, दम्माम, कुवेत, सगळीकडे आपल्या सीबीएसईच्या चांगल्या शाळा निघाल्या होत्या. बारावीपर्यंत प्रश्न नव्हता. पुढे परक्यांच्या मुलांना तिथे कॉलेजची सोय फारशी नव्हती. त्यामुळे थोरल्या मुलाची बारावी हे त्या घराचं फुटण्याचं वर्ष. आई मुलांना घेऊन बडोद्याला येई, वाघोडिया रोडवर किंवा अलकापुरीत फ्लॅट, आणि बाप परत एकट्याच्या खोलीत. एनआरई खात्यावर तोपर्यंत नवऱ्याच्या सहीचं मुखत्यारपत्र घेऊन सासरे येत, त्यानंतर वहिनी यायला लागत. मी ते पाहून ओळखत असे की मोठ्याचं कॉलेज सुरू झालं.

अशाच एका वहिनींनी मला सांगितलेलं अजून लक्षात आहे. एम.एस. युनिव्हर्सिटीच्या एम.एस्सी. होत्या, लग्नाआधी शिकवत होत्या. तिकडे अकरा वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर, नोकरी करायची परवानगी नाही, गाडी चालवायची परवानगी नाही (ती सौदीत बायकांना २०१८ मध्ये मिळाली). म्हणाल्या, "भाऊजी, हे विचारतात तुला काय कमी आहे. मी म्हटलं, मला बस पकडून कुठे जाता येत नाही, एवढंच कमी आहे." वर्षभरात ते कुटुंब परत आलं. नवऱ्याने मला कारण सांगितलं, "कंपनीत मजा राहिली नव्हती." परतण्याचं कारण कुणाला विचारता यावर असतं, हे मी तेव्हापासून धरून चाललो.

आणि आईवडील. तिकडे आईवडिलांना कायमचं नेता येत नसे, फार तर भेटीच्या व्हिसावर. इकडे वाड्यात म्हातारा-म्हातारी, जिना चढउतार, शेजारी लक्ष ठेवणारे. धाकटा भाऊ किंवा बहीण गावात असेल तर मोठा निर्धास्त राहतो, एकुलता एक असेल तर वडिलांच्या पहिल्या पडण्यानंतर दोन वर्षांत परततो. आकडेवारी नाही माझ्याकडे, पण माझ्या टेबलावर अपवाद फार थोडे दिसले.

कुवेतचं मात्र या सगळ्याच्या उलट झालं. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. आपली माणसं बसरा, बगदाद करत अम्मानला पोहोचली आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला, दोन महिन्यांत एक लाखाहून जास्त. बडोदा स्टेशनवर उतरलेले काहीजण मला दुसऱ्या दिवशी बँकेत भेटले ते नेसत्या कपड्यांनिशी. वीस वर्षांचा संसार एका पिशवीत. मला वाटलं होतं, आता हे पुन्हा त्या दिशेला बघणार नाहीत. फेब्रुवारी १९९१ ला कुवेत सुटलं आणि त्यातले बरेचजण पुन्हा गेले. तेलविहिरी अजून जळत होत्या तेव्हा निघालेलेही होते.

का? कारण त्यांना इकडे परतायला जागा उरली नव्हती. राहायला घर होतं, पण उभं राहायला जागा नव्हती. कोयलीच्या नोकरीचा राजीनामा पंधरा वर्षांपूर्वीच दिलेला, वय पंचेचाळीस-पन्नास, बरोबरीचे इकडे मॅनेजर झालेले. सहा महिने गल्लीत लोकांनी विचारपूस केली, मग "काय, सध्या घरीच का?" सुरू झालं. एकजण म्हणाले, "तिकडे मी परका आहे हे तिकडच्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. इकडे ते मला रोज थोडं थोडं कळतंय." पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाकडून कुवेत-इराक सोडावं लागलेल्यांना ठरावीक रक्कम मिळाली, व्यक्तीमागे २,५०० डॉलर, किंवा दुसरा कोणता दावा न करण्याच्या अटीवर ४,०००. फॉर्म भरायला मदत मागायला माणसं आमच्या टेबलावर येत. कित्येकांच्या वतीने बायका येत, कारण नवरा पुन्हा कुवेतमध्ये.

हे सगळं झालं शिकलेल्या, कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांचं. हेल्पर, सुतार, रंगारी म्हणून गेलेल्यांचं गणित वेगळंच. ते राहत होते कारण सुटता येत नव्हतं. एजंटाला दिलेलं कर्ज व्याजासकट फिटायला पहिली दोन वर्षं जात. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने कमी शिकलेल्यांच्या परदेशी नोकरीवर सरकारी मंजुरीची अट घातली, पण एजंटाची फी पावतीशिवायच घेतली जाई. तिकडे कफालत, म्हणजे ज्याने बोलावलं त्याच्याच नावावर इकामा. मालक बदलायचा तर त्याची परवानगी, देश सोडायचा तर एक्झिट व्हिसाही त्याच्याच हातून. पासपोर्ट बहुधा मालकाच्या कपाटात. छाणी भागातल्या एका मुलाचे पैसे यायचे अचानक थांबले, आठ महिने काही नाही. त्याची आई दर सोमवारी येऊन विचारायची. तो कंपनीतून पळून दुसरीकडे चोरून काम करत होता, बँकेत जायची सोय नव्हती. २०१३ मध्ये सौदीने निताकतची अंमलबजावणी कडक केली आणि अशा लोकांना कागद सरळ करायला किंवा निघून जायला मुदत दिली, त्यात तो परत आला. त्याच्या येण्याला 'नोकरी सोडली' म्हणायचं का, मला सांगता येत नाही. कतारने २०२० पर्यंत बहुतेक कामगारांवरची एक्झिट परमिटची आणि मालकाच्या ना-हरकतीची अट काढली, सौदीने २०२१ पासून नोकरी बदलणं थोडं सोपं केलं. त्या मुलाच्या वेळी यातलं काही नव्हतं.

शेवटचा मोठा लोंढा आला तो २०१७ नंतर. सौदीने जुलै २०१७ पासून परक्यांच्या बायकामुलांवर माणशी महिना १०० रियाल कर लावला, दरवर्षी शंभराने वाढवत २०२० ला ४००. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला १,२०० रियाल, वर्षाला १४,४००. पगारावर आयकर नाही म्हणून गेलेल्या माणसाला हा बायकोमुलांसोबत राहण्याचा कर झाला. कित्येकांनी कुटुंबाला 'फायनल एक्झिट'वर पाठवून दिलं. आणि कुटुंब आलं की माणूसही दोन-तीन वर्षांत येतोच, हे मी एव्हाना शिकलो होतो. मी निवृत्त झालो होतो, पण लोक घरी येऊन विचारत, "काका, एनआरईचं आता काय करायचं?" नियम साधा आहे. कायमचं परतलं की बँकेला कळवून खातं रेसिडेंट करायचं, मग व्याजावर करही लागतो. पण तो फॉर्म भरताना भल्या भल्या इंजिनियरांचे हात अडखळत. एकाने तर फॉर्म घरी नेला आणि चार महिने आणलाच नाही.

आता थोडं मागे जातो, कारण हा प्रश्न आपल्या सर्वांच्या घराचा आहे. आपणही बडोद्याला नोकरीसाठीच आलेले. गायकवाडांनी १७३४ ला बडोदं कायमचं घेतलं, त्यांच्यामागे शिलेदार, कारकून, पुजारी, गवई आले. आमचं घर साताऱ्याकडचं, सयाजीराव महाराजांच्या काळात आलं. आजोबा संस्थानच्या हिशेबखात्यात. इतकी वर्षं परमुलखात आपण का राहिलो? पगार मुंबईत जास्त मिळाला असता. पण इथे वाड्यात जागा मिळाली, मराठी शाळा होती, १८९० पासून कलाभवन होतं, १९०६ पासून प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचं, म्हातारपणी पेन्शन, आणि मुलगा त्याच कचेरीत लागण्याची शक्यता. १९४९ ला संस्थान गेलं, १९६० ला आपण गुजरातेत आलो, तरी बहुतेक घरं हलली नाहीत. जुबेलच्या माणसाला जे तीस वर्षांत मिळालं नाही ते आपल्याला पहिल्या पिढीत मिळालं होतं.

सगळ्यांना नाही. १९१७ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले. महाराजांनीच शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलेले, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्यांच्याच लिहिण्याप्रमाणे नेमणूक अकाउंटंट जनरलच्या कचेरीत होती. म्हणजे पगार होता, हुद्दा होता, स्वतः महाराजांचा लोभ होता. राहायला घर मात्र कुणी देईना. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. ओळखीच्या दोघांकडे विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघांनीही टाळलं. सयाजीबागेत, तेव्हाच्या कमाठीबागेत, बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. ज्या बडोद्यात आपल्या आजोबा-पणजोबांना वाडे मिळाले, त्याच बडोद्यात, त्याच वर्षांत. माझे आजोबा पुढे ज्या खात्यात लागले, त्याच खात्यातली ही जागा. आमच्या घरात जुन्या साहेबांचे, कचेरीतल्या भांडणांचे, महाराजांच्या स्वाऱ्यांचे किस्से शेकड्यांनी ऐकले. या अकरा दिवसांबद्दल कुणी एक शब्द बोललेला मला आठवत नाही. माणसं नोकरी का सोडतात असं विचारलं की मला हे आधी आठवतं, पगाराचे तक्ते नंतर.

जुबेलच्या पहिल्या फळीतले आता माझ्याच वयाचे किंवा थोडे मोठे. बरेच बडोद्यात आहेत, काही गेले. मुलं मात्र फारशी इथे नाहीत. ती टोरांटोला, मेलबर्नला, जिथे नोकरी सुटली तरी देश सुटत नाही अशा ठिकाणी. एका काकांना मी विचारलं, तुमच्या मुलाने आखातात का नाही नोकरी धरली, ओळखी होत्या ना? म्हणाले, "तो म्हणतो, बाबा, तिकडे मी जन्मलो, आणि अठराव्या वर्षी मला सांगितलं व्हिसा संपला."

तर मंडळी, एक विनंती. ज्यांच्या घरात तेव्हाच्या कॅसेट असतील, फोन महाग म्हणून बोलून पाठवलेल्या, त्या टाकून देऊ नका, कुणाकडून तरी उतरवून घ्या. जुने इकामे, कंपनीचे ओळखपत्र, बँकेच्या पावत्या असतील तर फोटो काढून ठेवा. आणि घरातले जे गेले होते त्यांना बसवून विचारा, कोणत्या वर्षी गेलात, कोणत्या वर्षी आलात, आणि का. वहिनींना वेगळं विचारा, ते बाजूला नसताना.